पाच आठवडे भारतात, आणि मासे? – मोठ्या टाकीसाठी परवडणारा फिल्टर



लहानपणी तारापोरवाला मत्स्यालयात आई-बाबांचं बोट धरून फिरलेली आपली पिढी इथे न्यूझीलंडमध्ये स्थिरावली, की घरात एक काचेची टाकी येतेच. आधी लहान, मग मुलांच्या हट्टाने मोठी. चार फूट लांब, दोन फूट रुंद, दोन फूट उंच अशी टाकी काठोकाठ भरली तर साधारण ४५० लिटर पाणी. दुकानात अशा टाकीसाठी फिल्टर बघायला गेलं की किमती पाहून घाम फुटतो. म्हणून आमच्या घरातल्या आणि आसपासच्या मराठी घरांतल्या अनुभवावरून हे चार शब्द.

फिल्टर पाणी स्वच्छ दिसावं म्हणून असतो, हा समज अर्धाच खरा. मासे कल्ल्यांवाटे अमोनिया सोडतात. तो विषारी असतो. फिल्टरमधल्या स्पंजावर किंवा दगडांवर राहणारे जिवाणू त्याचं आधी नायट्राइट करतात (तेही विषारीच) आणि मग नायट्रेट, जे बरंच सौम्य असतं आणि पाणी बदलून काढता येतं. म्हणजे आपण पैसे मोजतो ते या जिवाणूंच्या घरासाठी. खोक्यावर 'ताशी २००० लिटर' असं ठळक छापलेलं असतं, पण तो आकडा बहुधा रिकाम्या फिल्टरचा असतो. आत स्पंज भरला आणि पाणी दोन-तीन फूट वर चढवायचं म्हटलं की तो बराच उतरतो. त्यापेक्षा आत सामान किती मावतं ते बघा.

त्या सामानावरही फार खर्च करू नका. महागड्या सिरॅमिकच्या नळ्यांऐवजी बागकामाच्या दुकानात मिळणारा स्कोरिया उत्तम काम देतो. ऑकलंड ज्वालामुखींवरच वसलेलं शहर, तेव्हा हा सच्छिद्र दगड म्हणजे इथलं घरचंच धान्य! खत किंवा रंग न लावलेला घ्यावा आणि पाणी गढूळ येईनासं होईपर्यंत धुवावा. नदीकाठचे दगड मात्र आणू नका. वायकाटो नदीत २०२३ मध्ये सापडलेल्या परदेशी शिंपल्यांसारखे पाहुणे असेच पसरतात.

आता खर्चाचा खरा भाग, वीज. फिल्टर चोवीस तास चालतो. २० वॅटचा पंप वर्षाला सुमारे १७५ युनिट खातो, ६० वॅटचा ५२५. युनिटला ३५ सेंट धरले तर पहिल्याचे वर्षाला साधारण ६१ डॉलर होतात आणि दुसऱ्याचे १८४. स्वस्तात मिळालेला जुना दांडगा पंप दोन-तीन वर्षांत महाग पडतो तो असा.

मोठ्या टाकीला मुख्यतः तीन पर्याय. सर्वांत साधा म्हणजे हवेच्या पंपावर चालणारे दोन मोठे स्पंज. दिसायला ओबडधोबड, पंपाची घरघर असते आणि तरंगणारा कचरा फारसा उचलत नाहीत, पण बिघडायला त्यात काही नाहीच. हवेच्या नळीत उलट पाणी न येऊ देणारी छोटी झडप तेवढी बसवा.

दुसरा म्हणजे कॅबिनेटमध्ये ठेवायचा बंद डबा, ज्याला इथे कॅनिस्टर म्हणतात. शांत आणि नीटनेटका. नवा महाग, पण ट्रेड मीवर जुने बरेच येतात. घेताना झाकणाचं रबरी कडं तपासा, आणि त्या मॉडेलचे सुटे भाग इथे मिळतात का ते विचारा. घरी आणल्यावर आतला सगळा गाळ कचऱ्याच्या डब्यात टाका, गटारात नको. त्यात हॉर्नवर्टसारख्या बंदी असलेल्या पाणवनस्पतीचा तुकडाही असू शकतो. याची एक मोठी खोड अशी की वीज काही तास गेली तर आतला प्राणवायू संपतो आणि जिवाणू मरू लागतात. मग वीज आल्यावर तेच कुजकं पाणी टाकीत जातं. म्हणून बराच वेळ वीज गेली असेल तर आधी डबा उघडून खळबळून घ्यावा.

तिसरा म्हणजे खाली दुसरी टाकी ठेवून पाणी फिरवणं, म्हणजेच सम्प. सामान सर्वांत जास्त मावतं आणि जुन्या टाकीतून घरीही करता येतो. पण पंप बंद पडला की वरचं थोडं पाणी खाली येतंच. तेवढी जागा खाली मोकळी हवी. बटण बंद करून स्वतः बघून घ्या, नाहीतर भाड्याच्या घरात कार्पेट भिजलं की बाँडवर पाणी! शिवाय वजनही वाढतं. खाली लाकडी जमीन असेल तर आधी जाणकाराला विचारलेलं बरं.

आमचा कौल मध्यम आकाराचा जुना कॅनिस्टर आणि जोडीला एक मोठा स्पंज यांना. एक बंद पडला तर दुसरा तग धरतो. आपण डिसेंबर-जानेवारीत चार-पाच आठवडे पुण्या-मुंबईला जातो, तेव्हा इथे ऐन उन्हाळा असतो. गरम पाण्यात प्राणवायू कमी राहतो आणि घरात लक्ष द्यायला कोणी नसतं. सम्प असेल तर आणखी एक भानगड असते. बाष्पीभवनाने उतरलेली पातळी पंपाच्याच कप्प्यात दिसते आणि कोणी पाणी घातलं नाही तर पंप कोरडा फिरतो.

नव्या फिल्टरमध्ये जिवाणू जमायला चार ते सहा आठवडे लागतात. म्हणजे नोव्हेंबरात टाकी मांडून डिसेंबरात विमानात बसणं माशांच्या जिवावर बेतू शकतं. घाई असेल तर ओळखीतल्या निरोगी टाकीतला वापरलेला स्पंज मागून आणा. विरजण मागतो तसंच! स्पंज कधीही नळाखाली धुऊ नका, बादलीत टाकीचंच पाणी घेऊन पिळा. नळाच्या पाण्यातलं क्लोरीन जिवाणूंना मारतं. क्राइस्टचर्चकरांनी हे विशेष ध्यानात ठेवावं, कारण तिथे पूर्वी पाण्यात क्लोरीन नसे. २०१६ च्या हॅवलॉक नॉर्थ प्रकरणानंतर, २०१८ पासून ते घालायला सुरुवात झाली.

भारतातून पंप आणायचा विचार असेल तर व्होल्टेज जुळतं, पण प्लग वेगळा आणि बिघडल्यावर दाद मागायला कोणी नाही. वापरलेला असेल तर विमानतळावर तो जाहीर करावाच लागतो.

निघण्याआधी दोन आठवडे एक फिल्टर साफ करा, दुसऱ्याला हात लावू नका. आदल्या दिवशी तिसरा हिस्सा पाणी बदला. ज्या शेजाऱ्यांवर घर सोपवणार, त्यांना खाण्याचा डबा देऊ नका. प्रेमाने मूठभर टाकतात बिचारे! दोन दिवसांआडची एकेक चिमूट कागदाच्या पुड्यांत बांधून, वर तारीख घालून ठेवा. क्लोरीन काढायच्या औषधाची बाटली आणि खूण केलेली बादली टाकीशेजारी ठेवा, आणि वीज जाऊन आली तर कोणतं झाकण उघडायचं ते त्यांना एकदा प्रत्यक्ष करून दाखवा.