किल्ला आणि नगर : पवनी व हिमेजी यांच्या संदर्भात

प्रस्तावना : किल्ला ही केवळ युद्धवास्तू नव्हे, त्याच्या आश्रयाने वसलेले नगर हाही त्याचाच भाग होय. भंडारा जिल्ह्यात या संबंधाची दोन रूपे आढळतात.

विवेचन : मँगनीजच्या खाणीसाठी परिचित असलेले चिखला हे गाव तुमसर तालुक्यात आहे. याच तालुक्यातील आंबागड हा गिरिदुर्ग देवगडच्या बख्त बुलंदशहाचा सुभेदार राजाखान पठाण याने इ. स. १७०० च्या सुमारास बांधला. भोसलेकाळात त्याचा तुरुंग म्हणून उपयोग झाला. तेथे किल्ला आहे, नगर नाही. वैनगंगेकाठच्या पवनीत मात्र नगरच तटबंदीच्या आत वसले. एका बाजूस नदी व उर्वरित बाजूंस खंदक अशी तेथील रचना आहे. १९६९-७० च्या उत्खननात येथे प्राचीन बौद्ध स्तूपांचे अवशेष उजेडात आले.

जपानमधील हिमेजी येथेही किल्ला व नगर खंदकांच्या वलयांनी वेढलेले होते. इकेदा तेरुमासा याच्या काळात १६०९ मध्ये तेथील मुख्य मनोरा पूर्ण झाला. १९९३ मध्ये या किल्ल्यास जागतिक वारसास्थळाचा दर्जा मिळाला. बाह्य खंदकाचा बराच भाग बुजला, तरी उंच शुभ्र मनोरा अभ्यागताचे लक्ष वेधून घेतो. पवनीत असा मनोरा नाही. तेथे तट आणि खंदक हेच स्मारक आहे.

समारोप : म्हणूनच पवनीच्या तटाकडे मातीचा ढिगारा म्हणून पाहिल्यास नगराचा इतिहासच पुसला जाईल. महाविद्यालयीन क्षेत्रभेटीचा आरंभ खंदकापासून व्हावा, तो यासाठीच.