एरंड, एरंडी, एरंडेल : शब्दांची साक्ष व तिची मर्यादा

घरगुती औषधांची नावे गोळा करणाऱ्या अभ्यासकास ‘एरंड’ हा शब्द वारंवार आढळतो आणि शब्द ओळखीचा असल्याने वस्तूही ओळखली असे त्यास वाटू लागते. एरंडेलाच्या पारंपरिक उपयोगांविषयी शब्द कोणती साक्ष देतात व ती कोठे संपते, एवढाच विचार प्रस्तुत लेखात करावयाचा आहे.

प्रथम रूप पाहू. ‘एरंडेल’ हा एरण्ड व तैल यांचा समास होय. दोन स्वरांमधील ‘त्’चा लोप ही प्राकृतातील सर्वपरिचित प्रवृत्ती, तिच्यामुळे उत्तरपदातील ‘त्’ गळून ‘-एल’ उरले. खोबरेल, करंजेल, उंडेल ही याच घडणीची रूपे. भुईमूग आपल्याकडे पुष्कळ उशिरा, अमेरिकेतून आला. त्याच्या तेलास असे एकपदी नाव लाभले नाही. ‘एरंडेल’ या शब्दाची घडणच त्या तेलाचे जुनेपण सुचविते.

आता अर्थाकडे वळू. ‘पंचांगुल’ व ‘गंधर्वहस्त’ ही संस्कृत नावे पानाच्या पंजासारख्या आकारावरून पडली. लिनियसने १७५३ मध्ये स्वीकारलेल्या ‘रिसिनस’ या लॅटिन नावाचा अर्थ गोचीड; तेथे दृष्टी बीवर आहे. मराठी वाक्प्रचार मात्र व्यवहारातून आले. खोड पोकळ व नीरस, म्हणून निष्फळ चर्चा ती ‘एरंडाचे गुऱ्हाळ’. झाड दुबळे, म्हणून ‘ओसाड गावी एरंड बळी’. आणि ‘एरंडेल प्यायल्यासारखे तोंड’ या प्रयोगात तर पिढ्यान्‌पिढ्या मुलांना दिलेल्या रेचकाची आठवण साठविलेली आहे.

रेचकाखेरीज गाडीच्या आखाला वंगण, दिव्याला तेल, चामड्याला मऊपणा आणि साठवणीच्या तूरडाळीला कीड लागू नये म्हणून हात, असे या तेलाचे अनेक उपयोग होत आले. त्यांपैकी कित्येकांचे मूळ एकाच द्रव्यात आहे. या तेलातील मेदाम्लांत रिसिनोलेइक आम्लाचे प्रमाण सुमारे ८५ ते ९० टक्के असते. तेलाचा दाटपणा मुख्यतः त्याचाच, आणि वंगण म्हणून असलेली योग्यताही त्या दाटपणामुळेच. आतड्यात हे आम्ल सुटे होऊन विशिष्ट ग्राहींवर कार्य करते, हे २०१२ मध्ये प्रसिद्ध झालेल्या संशोधनात दाखविले गेले. तेच ग्राही गर्भाशयातही असल्याने गर्भवतीने वैद्यकीय सल्ल्यावाचून हे तेल घेऊ नये. रेचक म्हणून त्याची कीर्ती अशा रीतीने साधार ठरते. परंतु ‘वातारि’ या नावावरून सांधेदुखी बरी होते असे सिद्ध होत नाही. ते नाव आयुर्वेदाची धारणा सांगते, तिचा पुरावा देत नाही.

खरा धोका याच्या पुढे आहे. मराठीत झाड ते एरंड, बी ती एरंडी व तेल ते एरंडेल असा भेद असला, तरी बोलण्यात तिन्हींसाठी ‘एरंड’ म्हटले जाते. तेल औषधी, बी मात्र रायसिन या प्रथिनामुळे घातक विषारी. रायसिन तेलात विरघळत नाही, ते पेंडीत राहते. शिवाय उष्णतेने निकामी होते. एरंडी भाजून, कुटून, पाण्यात उकळून वर तरंगणारे तेल काढण्याची जुनी घरगुती रीत या दृष्टीने सयुक्तिक होती.

‘मोगली एरंडा’ची गोष्ट याहून बिकट आहे. ही अमेरिकेतून आलेली निराळी वनस्पती. नावातील ‘मोगली’ हे विशेषण तिचे परकेपण दर्शविते. तिचे तेल दिव्यास व साबणास चालते, पोटात मात्र तेही विषारीच. निवेदकाने विशेषण गाळले व लेखकाने ते विचारले नाही, तर छापील संग्रहात विषाची नोंद औषध म्हणून होईल.

म्हणून क्षेत्रकार्य करणाऱ्या विद्यार्थ्यांनी अशा शब्दापुढे चार गोष्टी अवश्य लिहाव्यात : वनस्पती कोणती, तिचा भाग कोणता, त्यावर संस्कार कोणता आणि उपयोग पोटातून की बाहेरून. शक्य तेथे फांदीचा नमुना वनस्पतिशास्त्र विभागास दाखवावा. शब्दकोशातील अपुरी नोंद पुढे सुधारता येते. औषधसंग्रहातील अपुरी नोंद त्यापूर्वीच कोणाच्या तरी घरात वापरली गेलेली असते.