स्वभाव विरुद्ध परिस्थिती : नव्वद वर्षांच्या एका दाव्याचा मागोवा

स्वभावाला औषध नाही असे बजावणारी आपली भाषाच ढवळ्याशेजारी बांधलेल्या पवळ्याला वाण नाही पण गुण लागल्याचेही सांगते, आणि या दोन म्हणी एकाच माजघरात, कित्येकदा एकाच तोंडून, परस्परांची काडीइतकीही गैरसोय न करता पिढ्यान्‌पिढ्या नांदत आल्या आहेत. विद्यापीठीय मानसशास्त्राला मात्र हे सहजीवन मानवले नाही. मनुष्याच्या आचरणाचा खरा धनी कोण, त्याचा स्वभाव की त्याच्याभोवतीची परिस्थिती, हा प्रश्न विसाव्या शतकाच्या पूर्वार्धात अमेरिकेत एखाद्या दिवाणी दाव्याप्रमाणे दाखल झाला. दोन्ही पक्षांच्या कैफियती झाल्या, साक्षीपुरावे झाले, एकदा निकाल लागल्याची हाकाटीही झाली, आणि तो निकाल पुढे अपिलात बराचसा फिरला. व्यक्तिमत्त्वाचे मानसशास्त्र आणि सामाजिक मानसशास्त्र या दोन शाखांच्या प्राथमिक संकल्पना म्हणून आज विद्यार्थ्यांना जे शिकविले जाते, त्यातील बराचसा भाग म्हणजे या दाव्याचे जुने दप्तर होय.

दावा भावकीतलाच होता, आणि हे शब्दशः खरे आहे. १९२४ साली ‘सोशल सायकॉलॉजी’ हा ग्रंथ लिहून सामाजिक मानसशास्त्राला प्रयोगशाळेची शिस्त लावणारे फ्लॉइड ऑलपोर्ट आणि १९३७ साली ‘पर्सनॅलिटी’ हा ग्रंथ लिहून व्यक्तिमत्त्वाच्या अभ्यासाला स्वतंत्र गादी मिळवून देणारे गॉर्डन ऑलपोर्ट हे सख्खे भाऊ. धाकट्याने आपल्या ग्रंथाच्या आदल्याच वर्षी हेन्री ऑडबर्ट या सहकाऱ्याबरोबर वेबस्टरचा बृहद्‌कोश पालथा घालून मनुष्यामनुष्यांतील भेद दाखविणारे १७,९५३ शब्द वेचून काढले होते. ज्या स्वभावभेदांची लोकांना रोजच्या व्यवहारात गरज भासते, त्यांना लोक नावे देतातच, या विश्वासावर ही खटपट उभी होती. कोशातून शास्त्र काढण्याच्या या उद्योगाची त्या काळी थट्टा झाली असल्यास नवल नाही. परंतु पुढे पाहू त्याप्रमाणे हीच यादी सर्वांत दीर्घायुषी ठरली.

परिस्थितीच्या बाजूचा पहिला भक्कम पुरावा मात्र त्याही आधीचा, १९२८ सालचा आहे, आणि तो शाळकरी मुलांच्या फसवेगिरीविषयीचा आहे. ह्यू हार्टशॉर्न आणि मार्क मे या दोघांनी कोलंबिया विद्यापीठाच्या टीचर्स कॉलेजच्या सहकार्याने दहा हजारांहून अधिक मुलांना लबाडीची संधी दिली. मुलांकडून उत्तरपत्रिका लिहवून घ्यायची, ती गुपचूप उतरवून ठेवायची, मग दुसऱ्या दिवशी मूळ पत्रिका आणि उत्तरांची किल्ली मुलाच्याच हाती देऊन ‘तुझे गुण तूच दे’ असे सांगायचे, आणि मागाहून दोन्ही प्रती ताडून पाहायच्या. कोठे डोळे मिटून वर्तुळांत खुणा करायला लावायच्या, जेथे एका मर्यादेपलीकडचे यश म्हणजे पापणी किलकिली केल्याचा कबुलीजबाबच. कोठे कोड्याच्या पेटीत नाणी ठेवून ती सगळी परत येतात का हे मोजायचे. प्रामाणिक मुले आणि लबाड मुले अशी दोन कुळे हाती लागतील ही अपेक्षा होती. निघाले ते निराळेच. उत्तरपत्रिकेत हात मारणारे पोर नाण्यांना शिवत नव्हते, आणि नाणी लांबविणारे पोर वर्गात कमालीचे सचोटीने वागत होते. एका प्रसंगातील प्रामाणिकपणा आणि दुसऱ्या प्रसंगातील प्रामाणिकपणा यांचा सहसंबंध ०.२३ च्या आसपास घुटमळत होता. धर्मशिक्षण आणि सदाचाराचे पाठ यांनी चारित्र्य घडते असे मानणाऱ्या मंडळींना हा अहवाल गोड लागणे शक्यच नव्हते. आणखी एक गोष्ट त्याच अहवालात होती, जिच्याकडे पुढे पन्नास वर्षे फारसे कोणी पाहिले नाही : एका प्रसंगाऐवजी अनेक प्रसंगांची बेरीज केली, की मुलाविषयीचा अंदाज पुष्कळच भरवशाचा होत असे.

१९३४ साली रिचर्ड लापिएर यांनी आणखी एक साक्ष नोंदविली. चिनी लोकांविषयी अमेरिकेत तीव्र पूर्वग्रह असण्याच्या त्या दिवसांत एका तरुण चिनी जोडप्यासह त्यांनी देशभर प्रवास केला; २५१ उपाहारगृहे व निवासगृहे यांपैकी एकाच ठिकाणी नकार मिळाला. नंतर त्याच चालकांना पत्राने विचारले असता, उत्तर देणाऱ्यांपैकी शेकडा नव्वदांहून अधिकांनी चिनी गिऱ्हाईक घेणार नाही असे कळविले. कागदावरची अभिवृत्ती आणि दारात उभ्या माणसाशी होणारे वर्तन यांचा असा काडीमोड झाला.

आणि दोनच वर्षांनी, १९३६ साली, या दाव्याचा वास्तविक निकाल कुर्ट लेविन यांनी एका ओळीच्या सूत्रात लिहून ठेवला होता : आचरण हे व्यक्ती आणि तिचा परिसर या दोहोंचे फलन असते. हिटलरच्या उदयानंतर १९३३ साली जर्मनी सोडून अमेरिकेत आलेला हा यहुदी अभ्यासक १९४७ साली छप्पन्नाव्या वर्षी निवर्तला. त्याच्या शिष्यशाखेने सामाजिक मानसशास्त्राची निम्मी इमारत उभारली. पण गुरूच्या सूत्रातील पहिले पद, म्हणजे व्यक्ती, या वारसांनी बहुधा बासनातच बांधून ठेवले, असे माझे मत आहे.

महायुद्धाने प्रश्नाला जी धार आणली ती निव्वळ शास्त्रीय कुतूहलाने कधीच आली नसती. सुसंस्कृत म्हणविणाऱ्या राष्ट्रातील सामान्य कारकुनांनी लाखोंच्या संहाराचे कागद कसे रंगविले? थिओडोर अडोर्नो आणि त्यांच्या बर्कलीच्या सहकाऱ्यांनी १९५० साली याचे उत्तर स्वभावात शोधले : वरिष्ठांपुढे लवणारे आणि कनिष्ठांवर डाफरणारे असे एक हुकूमशाहीप्रवण व्यक्तिमत्त्व असते, आणि प्रश्नावलीने त्याचे मोजमाप करता येते. याच्या उलट, येल विद्यापीठात स्टॅन्ली मिलग्रॅम यांनी १९६१ साली, जेरुसलेममध्ये त्या संहारातील नात्झी अधिकारी आइकमन याच्यावरचा खटला चालू असतानाच, हे उत्तर परिस्थितीत शोधावयास घेतले. १५ पासून ४५० व्होल्टपर्यंत तीस खटके असलेले ते बनावट विजेचे यंत्र, पलीकडच्या खोलीतून येणारा विव्हळण्याचा आवाज, ‘पुढे चालू ठेवा’ असे थंडपणे सांगणारा करड्या डगल्यातील अधिकारी; आणि चाळिसांपैकी शेवटच्या खटक्यापर्यंत गेलेले सव्वीस. हजारांत एखादाच इतका पुढे जाईल असे भाकीत मनोविकारतज्ज्ञांनी केले होते. हे सव्वीस जगप्रसिद्ध झाले. उरलेल्या चौदांची विचारपूस मात्र कोणी फारशी करीत नाही, आणि माझ्या मते या साऱ्या दप्तरातील मोठी हेळसांड ती हीच. कारण खोली तीच, यंत्र तेच, हुकूमही तोच असता चौदा जण का थांबले, याचे उत्तर परिस्थितीच्या वकिलाजवळ नाही. ॲलन एल्म्स आणि स्वतः मिलग्रॅम यांनी १९६६ साली प्रसिद्ध केलेल्या पाहणीत आज्ञाधारक मंडळींचे अडोर्नोच्या प्रश्नावलीवरील गुण अवज्ञा करणाऱ्यांपेक्षा अधिक आढळले होते. म्हणजे वादी आणि प्रतिवादी एकाच खोलीत हजर होते. फक्त पुकारा एकाच्याच नावाचा झाला.

या परंपरेतील मला सर्वांत मार्मिक वाटणारा प्रयोग मिलग्रॅमचा नव्हे, तर जॉन डार्ली आणि डॅनियल बॅट्सन यांनी प्रिन्स्टन येथे केलेला आणि १९७३ साली प्रसिद्ध झालेला आहे. त्यातील प्रयुक्त म्हणजे धर्मोपदेशक होऊ घातलेले विद्यार्थी. एका इमारतीत त्यांच्या धार्मिक वृत्तीची प्रश्नावली भरून घेतली. मग दुसऱ्या इमारतीत जाऊन छोटेसे भाषण द्यायचे आहे असे सांगितले. निम्म्यांचा विषय उपदेशकांना मिळणाऱ्या नोकऱ्यांविषयीचा, तर निम्म्यांचा विषय बायबलमधील त्या भल्या शोमरोनी वाटसरूचा, जो रस्त्यात जखमी पडलेल्या परक्याची शुश्रूषा करतो. वाटेतील बोळात एका दारापाशी एक मनुष्य मान खाली घालून, डोळे मिटून, खोकत आणि कण्हत बसविलेला होता. ज्यांना वेळ भरपूर आहे असे सांगितले होते त्यांच्यापैकी शेकडा ६३ थांबले, ज्यांना वेळेवर निघायला सांगितले त्यांच्यापैकी ४५, आणि ज्यांना उशीर झाला म्हणून पिटाळले होते त्यांच्यापैकी अवघे १०. भाषणाचा विषय कोणता, याने लक्षणीय फरक पडल्याचे दिसले नाही. परोपकाराचे आख्यान सांगावयास निघालेले काही जण तर त्या कण्हणाऱ्या मनुष्याला ओलांडून गेले.

असा माहोल तयार होत असतानाच, या प्रयोगाच्या आधी, वॉल्टर मिशेल यांचा ‘पर्सनॅलिटी अँड असेसमेंट’ हा ग्रंथ १९६८ साली बाहेर पडला. नात्झींनी व्हिएन्ना गिळंकृत केल्यावर आठ वर्षांचा असताना घरादारासह परागंदा झालेल्या या मनुष्याने नायजेरियात जाणाऱ्या स्वयंसेवक शिक्षकांच्या निवडीच्या कामात पाहिले होते, की तज्ज्ञांनी काढलेल्या व्यक्तिमत्त्वाच्या निष्कर्षांवरून त्यांच्या प्रत्यक्ष कामगिरीचा अंदाज फारसा बांधता येत नाही. हार्टशॉर्न-मे यांच्यापासूनचा सारा पुरावा गोळा करून त्यांनी दाखविले, की स्वभावचाचणी आणि प्रत्यक्ष वर्तन यांचा सहसंबंध सामान्यतः ०.३० च्या पलीकडे जात नाही. या एका आकड्याने स्वभाववाद्यांची गादी हादरली. पुढील दहा-बारा वर्षे व्यक्तिमत्त्वाचा अभ्यास म्हणजे बुडीत पेढी, अशीच समजूत पसरली. मिशेल यांना स्वतःला एवढे टोक अभिप्रेत नव्हते, पण प्रतिपक्षाचा वकील म्हणून त्यांचीच नेमणूक झाली खरी.

अपिलाची सुनावणी शांतपणे झाली आणि म्हणूनच ती फार थोड्यांना ठाऊक आहे. सेमूर एप्स्टाइन यांनी १९७९ साली दाखविले, की एका प्रसंगाऐवजी अनेक दिवसांच्या वर्तनाची सरासरी घेतल्यास स्वभाव आपोआप वर येतो. त्याहून झोंबणारा मुद्दा डेव्हिड फंडर आणि डॅनियल ओझर यांनी १९८३ साली काढला : मिलग्रॅमसारख्या नावाजलेल्या प्रयोगांतील परिस्थितीचे बळ त्याच मापाने मोजले, तर तेही ०.४० च्या आसपासच भरते. ज्या फूटपट्टीने स्वभावाला खुजे ठरविले, तीच परिस्थितीला लावायचे पंधरा वर्षे कोणाला सुचले नव्हते! तिकडे ऑलपोर्टची कोशातली शब्दयादी कॅटेल या मानसशास्त्रज्ञाच्या हातून गाळली जाऊन, १९६१ साली अमेरिकन हवाईदलातील ट्यूप्स आणि क्रिस्टल यांच्या आकडेमोडीतून पाच मोठ्या गुणविशेषांवर येऊन ठेपली होती. बहिर्मुखता, सौहार्द, कर्तव्यदक्षता, भावनिक अस्थिरता आणि नवानुभवांविषयीचे औत्सुक्य हे पंचक ऐंशीच्या दशकात सर्वमान्य झाले.

आपल्या देशाचा या दप्तरात संबंध दोन ठिकाणी ठळकपणे येतो. १५ जानेवारी १९३४ च्या बिहार भूकंपानंतर उठलेल्या अफवांचा अभ्यास जमुना प्रसाद यांनी केला. जेथे धक्का जाणवला पण नुकसान झाले नाही, तेथेही अधिक भयंकर संकटे येणार अशा वावड्या उठत होत्या, या त्यांच्या नोंदीवरून लेविनचे शिष्य लिऑन फेस्टिंगर यांना १९५७ सालच्या आपल्या बोधात्मक विसंवादाच्या उपपत्तीची पहिली दिशा मिळाली. अंगात भय आधीच भिनलेले, तेव्हा त्याला साजेसे कारण लोक निर्माण करतात, असा त्यांचा तर्क होता. दुसरा संबंध म्हैसूरचा. दुसऱ्याच्या वर्तनात परिस्थितीकडे डोळेझाक करून स्वभावालाच जबाबदार धरण्याच्या प्रवृत्तीला ली रॉस यांनी १९७७ साली मूलभूत प्रमाद असे भारदस्त नाव दिले होते. जोन मिलर यांनी शिकागो आणि म्हैसूर येथील लोकांना ओळखीच्यांच्या बऱ्यावाईट कृत्यांची कारणे विचारली आणि १९८४ साली निष्कर्ष मांडले. आठ वर्षांच्या मुलांत दोहीकडे फारसे अंतर नव्हते. वय वाढेल तसे अमेरिकन अधिकाधिक स्वभाव सांगू लागले आणि म्हैसूरकर अधिकाधिक प्रसंग, नाती, कर्तव्ये. जो प्रमाद मूलभूत म्हणून गाजला, तो निदान अंशतः शिकागोत लहानाचे मोठे होताना शिकलेला होता. अर्थात स्थळ पाहताना ‘मुलगा स्वभावाने कसा आहे?’ हेच आधी विचारणाऱ्या आपण मंडळींनी यावर फार फुशारण्याचे कारण नाही.

शेवटची उलथापालथ अगदी अलीकडची. २०११ साली हॉलंडातील एका नामवंत सामाजिक मानसशास्त्रज्ञाची आकडेवारी बनावट निघाली, आणि २०१५ साली शंभर प्रकाशित प्रयोगांची नव्याने पडताळणी केली असता जेमतेम ३६ टक्क्यांतच मूळ निष्कर्ष पुन्हा लक्षणीय आढळला; सामाजिक मानसशास्त्राचा वाटा त्यातही कमकुवत, सुमारे पाव. विद्यार्थ्यांनाच कैदी आणि पहारेकरी बनविणाऱ्या १९७१ सालच्या स्टॅनफर्ड तुरुंगाच्या प्रयोगात पहारेकऱ्यांना कठोर वागण्याविषयी पढविले गेल्याचे तिबो ल तेक्सिए यांनी २०१८ साली अभिलेखागारातील कागद आणि ध्वनिमुद्रणे धुंडाळून दाखविले. सगळेच ढासळले असे मात्र नव्हे : जेरी बर्गर यांनी २००९ साली १५० व्होल्टपर्यंतच नेलेल्या मिलग्रॅमच्या आवृत्तीत आज्ञापालन जवळजवळ पूर्वीइतकेच आढळले. आणि स्वभावाचे काय? क्रिस्टोफर सोटो यांनी २०१९ साली या पाच गुणविशेषांचा आयुष्यातील घडामोडींशी असलेला संबंध ७८ बाबतींत पुन्हा तपासला, तेव्हा सुमारे ८७ टक्के टिकले. बळ बहुधा पूर्वी छापले गेले होते त्याहून काहीसे कमी, पण टिकले. बोलिव्हियातील त्सिमाने लोकांत मात्र हे पंचक नीट उभे राहत नाही, असे २०१३ सालीच दिसून आले होते. तेव्हा विजयोत्सव इकडेही बेताचाच बरा.

मिशेल यांनीच युइची शोदा यांच्या साहाय्याने १९९५ साली तडजोडीचा मसुदा मांडला. उन्हाळी शिबिरातील मुलांच्या निरीक्षणांवरून त्यांनी दाखविले, की दोन मुले सरासरीने सारखीच भांडखोर असली, तरी एक सोबत्याने चिडविल्यावर उसळते तर दुसरे मोठ्यांनी दटावल्यावर, आणि ही ‘असे झाले तर तसे’ची ठेवण ज्याची त्याची असून ती स्थिर असते. मला हा फैसला पटतो. म्हणून मराठीतून या विषयाची प्राथमिक पुस्तके लिहिणाऱ्यांना एवढीच विनंती आहे : स्टॅनफर्डच्या तुरुंगाला पान देताना त्याच पानावर ल तेक्सिए यांचा अभिलेखही छापावा, सव्विसांच्या शेजारी त्या चौदांना जागा द्यावी, आणि म्हैसूर व बिहार ही नावे तळटीपेत न ढकलता मजकुरात घ्यावीत.