परसबागेतील बदके : अंडी उबवणुकीत २१ नव्हे, २८ दिवस मोजा

कोकणातील एका ताईंनी खुडूक कोंबडीखाली बदकाची नऊ अंडी बसवली होती. बाविसाव्या दिवसापर्यंत एकही पिल्लू निघाले नाही, म्हणून अंडी वाया गेली असे समजून त्यांनी ती खळ्याच्या कडेला टाकली. फुटलेल्या अंड्यांत वाढलेली पिल्ले दिसली, तेव्हा चूक लक्षात आली. कोंबडीचे अंडे २१ दिवसांत उबते, बदकाच्या अंड्याला मात्र २८ दिवस लागतात. मस्कव्ही जातीच्या अंड्याला तर ३३ ते ३५ दिवस लागतात. या हिशेबाच्या चुकीमुळे परसबागेत बदके पाळणाऱ्यांचे नुकसान होते.

बदकी अंड्यांवर का बसत नाही?

खाकी कॅम्पबेल, इंडियन रनर या जाती अधिक अंड्यांसाठी निवड करून तयार झाल्या आहेत. या निवडीत त्यांची खुडूक होण्याची सवय जवळजवळ नाहीशी झाली. त्यामुळे त्या बसतील म्हणून वाट पाहू नये. मस्कव्ही मादी मात्र उत्तम उबवणारी असते. छातीची मऊ पिसे उपटून ती घरट्यात पसरते आणि १२ ते १५ अंडी सहज उबवते. मस्कव्ही नसल्यास नुकतीच खुडूक झालेली देशी कोंबडी वापरावी. आधीच दोन-तीन आठवडे बसलेली कोंबडी २८ दिवस टिकेलच असे नाही.

अंड्यांची निवड

- सहा ते सात माद्यांमागे एक नर ठेवावा. नराशिवाय अंडी मिळतात, पण त्यातून पिल्ले निघत नाहीत.
- बदके रात्री किंवा पहाटे अंडी घालतात. म्हणून सकाळी नऊपर्यंत त्यांना खुराड्यातच ठेवावे, नाहीतर अंडी शेतात, पाण्यात पडतात.
- खुराड्यात कोरडा भाताचा पेंढा घालावा. तीन माद्यांसाठी सुमारे ३० सें.मी. रुंद, ३० सें.मी. खोल व ४५ सें.मी. उंच खोके पुरते.
- स्वच्छ, मध्यम आकाराची, तडा नसलेली अंडी निवडावीत. थंड जागी ठेवून सात दिवसांच्या आत बसवावीत.
- सर्व अंडी एकाच दिवशी बसवावीत. मस्कव्ही व इतर जातींची अंडी एकत्र ठेवू नयेत.

उबवणुकीतील काळजी

देशी कोंबडीखाली आठ ते दहाच अंडी ठेवावीत. बदकाचे अंडे मोठे असल्याने कोंबडीला ते नीट फिरवता येत नाही. अंड्याच्या एका बाजूला पेन्सिलने फुली मारावी आणि कोंबडी दाणा खायला उठली की दिवसातून दोनदा हाताने फिरवावे. पंचविसाव्या दिवसापासून फिरवणे थांबवावे.

बदकाच्या अंड्यांना ओलावा जास्त लागतो. बदकी पाण्यातून ओल्या पिसांनी येऊन बसते, कोंबडी तसे करत नाही. म्हणून दुसऱ्या आठवड्यानंतर अंड्यांवर रोज कोमट पाणी हलकेच शिंपडावे.

सातव्या ते दहाव्या दिवशी रात्री टॉर्चवर अंडी तपासावीत. आत लाल शिरांचे जाळे दिसले तर अंडे चांगले समजावे. पूर्ण स्वच्छ दिसणारी अंडी काढून टाकावीत. मुंगूस, साप, रानमांजर यांपासून संरक्षणासाठी रात्री घरटे बारीक जाळीने बंद करावे.

पिल्ले निघताना आणि नंतर

कवचाला पहिली चीर पडल्यावर पिल्लू बाहेर यायला एक ते दोन दिवस लागू शकतात. घाईने कवच सोलू नये, रक्तस्राव होऊन पिल्लू दगावते. पोटातील बलकावर पिल्लू पहिला दिवस काढते, त्यामुळे लगेच खाद्य न दिल्यास काळजी नाही.

- पहिल्या आठवड्यात ३० ते ३२ अंश सेल्सिअस उबेची सोय करावी, पुढे ती हळूहळू कमी करावी.
- भिजवलेले खाद्य द्यावे आणि शेजारीच पाणी ठेवावे. चोच बुडेल इतके पाणी हवे, पण पिल्लू आत उतरू नये म्हणून भांड्यात खडे टाकावेत.
- कोंबडीने उबवलेली पिल्ले पहिले तीन-चार आठवडे डबक्यात सोडू नयेत. ती भिजून गारठतात.
- बुरशी लागलेला मका, शेंगदाणा पेंड अजिबात देऊ नये. बुरशीतील अफ्लाटॉक्सिन हे विष बदकांना फार लवकर बाधते. पावसाळ्यात खाद्याचा वास व रंग रोज पाहावा.

अंडी बसवल्याची तारीख भिंतीवरच्या कॅलेंडरवर लिहावी आणि अठ्ठाविसाव्या दिवसावर खूण करावी. त्यानंतरही दोन दिवस वाट पाहून मगच उरलेली अंडी काढावीत. विस्तार कार्यकर्त्यांनीही बचत गटांच्या बैठकीत बदकाची अंडी वाटताना ही तारीख तिथेच लिहून द्यावी.