कापणीआधीचं कुरण

पहाटे ४:००
बव्हेरियात मेअखेरीस सव्वापाचच्या सुमारास सूर्य वर येतो. त्याआधीच आम्ही, हरणांची पाडसं वाचवणारा ड्रोन-गट, कुरणाच्या बांधावर हजर आहोत, कारण आज शेतकरी पहिली गवतकापणी करणार आहे. इथलं लहान चणीचं हरीण म्हणजे रेह. त्याची मादी पाडसाला उंच गवतात ठेवून चरायला जाते. पहिले दोन-तीन आठवडे पाडस धोका जाणवला तरी पळत नाही, जमिनीला चिकटून पडून राहतं. कोल्ह्यापासून त्यामुळे जीव वाचतो, पण ट्रॅक्टरच्या पात्यांपुढे तीच सवय जिवावर बेतते. इथल्या शिकारीचे हक्क ज्याच्याकडे आहेत, तो शिकारी सोबत आहे. त्याच्या संमतीशिवाय पाडसाला हात लावायची मुभा नाही.

४:३०
ड्रोन साठेक मीटरवर चढवून कुरणाच्या पट्ट्यापट्ट्या तपासतो. थर्मल कॅमेऱ्यात गार गवत काळं दिसतं, ऊबदार अंग पांढरं.

५:१५
एक ठिपका जागचा हलत नाही. "दोन पावलं डावीकडे. थांब. पायाशी बघ." तपकिरी पाठीवर पांढरे ठिपके, कान मागे पाडलेले, डोळे सताड उघडे. माणसाचा वास लागू नये म्हणून हातमोजे घालून, वर गवताची जुडी धरून शिकारी त्याला उचलतो आणि भोकं पाडलेल्या खोक्यात ठेवून खोकं सावलीत नेतो.

८:००
ऊन चढलं. दगड, मातीची ढेकळंही आता पांढरी दिसू लागली, उड्डाण बंद. ट्रॅक्टर लगेच कुरणात उतरतो. उशीर झाला तर दुसरं पाडस येऊन बसायची भीती.

१०:००
कापणी उरकताच खोकं कडेच्या झुडपांत उघडून आम्ही लांब जातो. आई साद घालून पाडसाला शोधून काढते.

दुपारी २:००
बॅटऱ्या चार्जिंगला लावून नव्या सोबत्यांना शिकवणी. मिनेसोटातल्या काळ्या अस्वलांवरचा २०१५ चा अभ्यास मी त्यांना आवर्जून सांगतो. ड्रोन डोक्यावर आला तरी अस्वलं बहुतेक वेळा जागची हलली नाहीत. पण एका मादीच्या हृदयाचे ठोके मिनिटाला १२३ ने वाढले. जनावर शांत दिसतं म्हणजे त्याला त्रास नाही, असं समजू नका. उंची सोडू नका, ठिपक्यावर घुटमळू नका.

संध्याकाळी ७:००
आजच्या चित्रणात रेहचा एक नरही दिसला होता. नराच्या शिकारीचा हंगाम सुरू आहे, तरी त्याची जागा कुणालाही सांगायची नाही, हा गटाचा नियम. शिकाऱ्यालाही तो मान्य आहे. अलास्का आणि कोलोरॅडोने शिकारीसाठी ड्रोनने जनावर हेरायला २०१४ मध्येच बंदी घातली, ते योग्यच झालं. शिकाऱ्याने पायी माग काढावा, वारा ओळखावा, कधी रिकाम्या हाती परतावं. जनावराला निसटायची संधी उरते ती त्यामुळेच. वरून सगळं दिसू लागलं की ही संधी संपते. पात्यांपुढे पाडसाला ती मुळातच नसते, म्हणून आम्ही उडतो. आणि कापणी झाली की ड्रोन पेटीत जातो.