जुन्या डिझेल जीपला विजेचा पंखा
जुन्या डिझेल जीपचा पट्ट्यावरचा पंखा इंजिनच्या वेगाला बांधलेला असतो. थंडीतल्या सकाळी तो विनाकारण फिरतो आणि रहदारीत गाडी अडकली की नेमका मंदावतो. विजेचा पंखा गरजेपुरताच चालतो. पण त्याचा स्विच इंजिनातल्या थर्मोस्टॅटपेक्षा वरच्या तापमानाला लावा. थर्मोस्टॅट ८२ अंशांना उघडत असेल, तर पंखा ९२च्या आसपास सुरू आणि ८७ला बंद व्हावा. स्विच थर्मोस्टॅटच्या तापमानाहून खाली लावलात, तर पंखा थांबणारच नाही. १२ व्होल्टचा मोठा पंखा १५ ते २० अँपिअर खातो, सुरू होताना बराच जास्त. रिले, फ्यूज, जाड वायर यांत काटकसर नको. अल्टरनेटरची ताकदही आधी तपासा. ओढा ओलांडण्यापूर्वी पंखा थांबवायला डॅशबोर्डवर वेगळे बटण हवेच: पाण्यात फिरणारी पाती वाकून रेडिएटर फाडू शकतात.