रिकाम्या दिसणाऱ्या लेनचा हिशेब

दिल्ली, नोएडा किंवा गुरुग्राममध्ये नव्या बीआरटी मार्गाचा, म्हणजे बससाठी राखीव लेन असलेल्या रस्त्याचा, विषय काढून पाहा. कुणीतरी हमखास म्हणणार, "ती तर दिल्लीत फसली. बसची लेन रिकामी आणि शेजारी गाड्यांची ही भली मोठी रांग!" पुण्यात सातारा रस्त्यावर आणि नगर रस्त्यावर हेच ऐकून आमचे कान किटले आहेत. दिल्लीचा दाखला दिला की वाद संपला, असं लोकांना वाटतं. तेव्हा तो दाखलाच नीट तपासू.

आधी घडलं काय ते. आंबेडकर नगर ते दिल्ली गेट असा सुमारे साडेचौदा किलोमीटरचा मार्ग आखला होता. आयआयटी दिल्लीच्या वाहतूक तज्ज्ञांचा त्याच्या संकल्पनेत मोठा वाटा होता. एप्रिल २००८मध्ये सुरू झाला तो आंबेडकर नगर ते मूलचंद एवढाच ५.८ किलोमीटरचा तुकडा. पुढचा मार्ग झालाच नाही. २०१५मध्ये दिल्ली सरकारने हा तुकडाही काढून टाकायचं ठरवलं आणि जानेवारी २०१६मध्ये तो उखडायला सुरुवात झाली.

गैरसमज : बसची लेन रिकामी दिसते, म्हणजे ती वाया जाते.

वस्तुस्थिती : रस्त्याच्या कडेला घड्याळ घेऊन उभे राहा. बारा मीटर लांबीची बस ताशी ३६ किलोमीटर वेगाने तुमच्यासमोरून जायला सव्वा सेकंद लागतो. दर मिनिटाला एक बस धरली, तरी उरलेले अठ्ठावन्न-एकोणसाठ सेकंद तुम्हाला लेन रिकामीच दिसणार. पण बसमध्ये साठ माणसं असतील, तर त्या 'रिकाम्या' लेनमधून तासाला ३,६०० माणसं गेली. शेजारची लेन पाहा. सिग्नल तासातला निम्म्याहून कमी वेळ हिरवा असतो, त्यामुळे एका लेनमधून तासाला सात-आठशे मोटारी पुढे सरकतात. मोटारीमागे दीड माणूस धरला, तर झाले हजार-बाराशे. गच्च भरलेली लेन पुरेपूर वापरात आहे असं वाटतं, पण बराच वेळ ती नुसती तुंबलेली असते. दोन गाड्यांच्या मधल्या वेळात मेट्रोचे रूळही रिकामेच असतात, तेव्हा कुणी म्हणत नाही की आमची मोटार रुळांवरून जाऊ द्या!

हे निव्वळ कागदी गणित नाही. मार्ग सुरू झाला त्या काळात विज्ञान व पर्यावरण केंद्राने, म्हणजे सीएसईने, त्यावरच्या चिराग दिल्ली चौकातली स्थिती मांडली होती. तिथे बसगाड्या एकूण वाहनांच्या अवघ्या दोन-अडीच टक्के होत्या, पण निम्म्याहून अधिक माणसं त्यांतूनच जात होती. मग 'रस्त्यावर बहुसंख्य कोण' हे मोटारीच्या काचेतून पाहून कसं ठरवता येईल? २०११च्या जनगणनेनुसार दिल्लीत मोटार असलेली कुटुंबं पाचांत साधारण एक होती.

इथे कुणी केंद्रीय रस्ते संशोधन संस्थेचा अहवाल पुढे करील. त्याने 'बीआरटी नको' असाच कौल दिला होता, हे खरंच आहे. पण अर्धी गोष्ट सांगून थांबू नये. तो अहवाल दिल्ली उच्च न्यायालयापुढे आला, आणि ऑक्टोबर २०१२मध्ये न्यायालयाने बीआरटीविरोधातली याचिका फेटाळली. वाहनांच्या वेगापेक्षा माणसांची ने-आण महत्त्वाची, असा न्यायालयाचा रोख होता. मार्ग तीन वर्षांनी काढला गेला तो सरकारच्या निर्णयाने, न्यायालयाच्या नव्हे.

मग दिल्लीची बीआरटी निर्दोष होती का? मुळीच नाही. थांबे चौकाच्या अगदी तोंडाशी होते, त्यामुळे प्रवासी चढवणाऱ्या आणि सिग्नलला अडकलेल्या बसगाड्यांची एकच रांग व्हायची. पुढची बस ओलांडून जायला जागा नव्हती. एक बस बंद पडली की मागच्या सगळ्या खोळंबल्या. सिग्नलची फेरी इतकी लांबायची की मोटारवालेच काय, बसमधले प्रवासीही वैतागायचे. मोटारी लेनमध्ये घुसायच्या, म्हणून मार्शल उभे करावे लागले. पण हे दोष त्या आराखड्याचे आणि अंमलबजावणीचे आहेत. पूल चुकीचा बांधला म्हणून नदी ओलांडायचं कुणी सोडत नाही.

आता बाकीचे गैरसमज झटपट.

'बसची लेन मधोमध कशाला, डावीकडेच हवी.' डावीकडे रिक्षा थांबतात, मोटारी लागतात, गल्ल्यांतून वाहनं बाहेर पडतात. दिल्लीने एप्रिल २०२२पासून डाव्या लेनसाठी मोहीम उघडली, तेव्हा दहा हजार रुपयांपर्यंत दंडाची तंबी द्यावी लागली.

'मधल्या थांब्यामुळे दोनदा रस्ता ओलांडावा लागतो.' कडेला थांबा असला, तरी जाताना किंवा येताना एकदा अख्खा रस्ता ओलांडावाच लागतो. मध्ये थांबा असेल तर दोन्ही वेळी निम्मा. मात्र पादचाऱ्यांसाठी सिग्नल हवाच.

'रेलिंग लावलं की झाली बीआरटी.' फलाट आणि बसची पायरी एका पातळीत, चढण्याआधीच तिकीट, सिग्नलला बसला प्राधान्य हे नसेल, तर ते नुसतं रेलिंगच.

'मेट्रो आणि नमो भारत रेल्वे आल्यावर बस कशाला?' स्टेशनपासून घरापर्यंत काय रूळ टाकणार आहात?

'भारतात हे चालतच नाही.' अहमदाबादची जनमार्ग २००९पासून धावते आहे. पिंपरी-चिंचवडला औंध-रावेत मार्ग २०१५मध्ये सुरू झाला.

एक गोष्ट मात्र मोटारवाल्यांच्या बाजूने मान्य करायला हवी. लेन राखून ठेवायची आणि दहा-पंधरा मिनिटांनी एक बस सोडायची, तर ती लेन खरोखरच वाया जाते. म्हणून नव्या मार्गाचा आराखडा समोर आला की तीन प्रश्न विचारा : गर्दीच्या तासाला बस किती? थांब्यापाशी एका बसला दुसरी ओलांडता येईल का? मोठ्या चौकात सिग्नलची फेरी किती सेकंदांची? यांची उत्तरं आकड्यांत मिळाली नाहीत, तर खुशाल विरोध करा. पण लेन रिकामी दिसते एवढ्यासाठी करू नका.